काटकसरीची कात्री आणि कुटुंबाचा आधार

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



काटकसर हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा संस्कार घरोघरी होतो. परंतु घर अडचणीत आले असता गृहिणी प्रथम कशाला कात्री लावते? ती सणाचे कपडे टाळते, प्रवास पुढे ढकलते. आजोबांचे औषध आणि नातवंडांचे दूध मात्र चालू ठेवते. राष्ट्राच्या काटकसरीलाही हाच निकष लावावयास हवा. तो न लावल्यास काय घडते, हे २०१० ते २०१८ या काळात ग्रीसमध्ये दिसून आले.

हे संकट केवळ बाहेरून लादलेले नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. करचुकवेगिरी बोकाळली होती आणि राज्यकर्त्यांनी तुटीचे खरे आकडे दडविले होते. २००९ ची तूट सकल उत्पादनाच्या १५ टक्क्यांवर असल्याचे अखेरीस निष्पन्न झाले. मे २०१० मध्ये युरोपीय देश व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे कर्ज देऊ केले, ते कठोर अटींवर. निवृत्तिवेतनात वारंवार कपात झाली. २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी आणि पंचविशीच्या आतील तरुणांसाठी ३२ टक्क्यांनी उतरविण्यात आले. सरकारी आरोग्यखर्चास उत्पादनाच्या ६ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली.

२०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली; तरुणांत तर निम्म्याहून अधिक बेकार होते. आरोग्यविमा नोकरीशी जोडलेला असल्यामुळे नोकरी गेली की काही काळाने उपचारांचा हक्कही जाई. आधाराची गरज सर्वाधिक असे, नेमका तेव्हाच आधार सुटत असे. विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयांची दारे कायद्याने पूर्णतः उघडण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

या काळात समाज तगला तो प्रामुख्याने कुटुंबामुळे. असंख्य घरांत आजी-आजोबांचे निवृत्तिवेतन हेच एकमेव खात्रीचे उत्पन्न उरले. नोकरी गमावलेला मुलगा आणि शिकणारी नातवंडे त्यावरच जगू लागली. आणि कात्री लागली ती नेमकी त्याच निवृत्तिवेतनाला! कोषागाराच्या वहीत ती एका वृद्धाची कपात होती. प्रत्यक्षात ती तीन पिढ्यांच्या ताटातील कपात होती. उच्चशिक्षित तरुण जर्मनी-ब्रिटनची वाट धरू लागले, जन्मसंख्या घटली. ज्या कुटुंबाच्या बळावर राज्य विसंबले, ते कुटुंबच क्षीण होऊ लागले.

समाजही स्वस्थ बसला नाही. अथेन्सजवळ एलिनिको येथे २०११ च्या अखेरीस हृदयरोगतज्ज्ञ योर्गोस विखास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विनामूल्य दवाखाना सुरू केला. डॉक्टर वेतनाविना सेवा देत, नागरिक घरातील उरलेली औषधे आणून देत. संस्थेने रोख देणग्या मात्र स्वीकारल्या नाहीत. सेवाकार्यात असलेल्या आपणा सर्वांना याहूनही महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, आपला दवाखाना सरकारी रुग्णालयाला पर्याय नाही, असे हे सेवाव्रती सतत सांगत राहिले. रुग्णाला औषध देत असतानाच राज्याला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देणे, हाही त्यांनी सेवेचाच भाग मानला.

एवढे सोसून कर्ज तरी हलके झाले काय? अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली. २००९ मध्ये उत्पादनाच्या सुमारे १२७ टक्के असलेले कर्ज २०१८ मध्ये १८० टक्क्यांच्याही वर होते. काटकसरीचे अर्थव्यवस्थेवरील दुष्परिणाम आपण कमी लेखले, हे नाणेनिधीने २०१३ मध्येच आपल्या अहवालात मान्य केले होते.

कर्ज काढून उधळपट्टी करणारे राज्य समाजाचे अहित करते, यात शंका नाही. परंतु कुटुंब आहे, सेवाभावी संस्था आहेत, म्हणून राज्याने हात झटकावेत, हा विचारही तितकाच घातक होय. कुटुंब, समाज आणि राज्य ही एकाच चुलीची तीन दगडे आहेत. एक काढून घेतले तर उरलेल्या दोहोंवर भांडे ठरत नाही. अंदाजपत्रकातील प्रत्येक कपातीकडे पाहताना एवढा प्रश्न आपण अवश्य विचारावा की, ही रक्कम कोणाच्या ताटातून उचलली जाणार आहे?