तार, डाख आणि मजुरी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की श्रोते संपाची हकीकत ऐकण्याच्या तयारीने बसतात. आज आम्ही बेंजोविषयी बोलणार आहोत. विद्वत्तेचा आमचा दावा नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि रद्दीच्या दुकानात झाले.

आमचे गाव वेवजी, तालुका तलासरी. १९६० साली जुन्या उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली. उंबरगाव गुजरातेत गेले, आम्ही महाराष्ट्रात राहिलो. पोटासाठी मात्र आमची माणसे रोज हद्द ओलांडतात. याच मुलखात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन राबे. ती वेठ १९४५ साली सुरू झालेल्या लढ्याने मोडली. आता त्याच पाड्यांवर लग्नाला विजेचा बेंजो येतो. तारपा मागे पडला याचे आम्हांस वाईट वाटते, पण तरुण पोरांपुढे ते बोलण्याची सोय नाही.

हा बेंजो पाश्चात्त्यांचा बँजो नव्हे. जपानात नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे एक तंतुवाद्य केले. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, आणि पुढे त्याला पिकअप लागून मिरवणुकीतला बेंजो झाला.

पिकअप म्हणजे काय? लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी, एवढेच. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि गुंडाळीत तितक्याच वेळा वीज उमटते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखविले. अमेरिकेत जॉर्ज बीचम याने १९३१ च्या सुमारास ते गिटारला लावले. पितळेची तार लावा, पिकअप मुका राहील.

गुंडाळीची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. गिटारच्या एका नामांकित पिकअपात तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. आमच्या युनियनमधली एक ताई दिवसा शेडमध्ये लहान ट्रान्सफॉर्मरच्या कॉईल भरते आणि रात्री बेंजोवाल्यांचे पिकअप दुरुस्त करते. एकदा हळदीच्या आदल्या रात्री भाच्याचा बेंजो बंद पडला, तेव्हा आम्ही तिच्यासमोर बसलो होतो. शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन फिरत होती आणि तार तिच्या दोन बोटांतून जात होती. ताण वाढला तर तार लांबते, बारीक होते, तुटते; सैल पडली तर वेढे आतल्या आत हलतात आणि स्पीकर शिट्टी मारतो. यासाठी गुंडाळी शेवटी वितळलेल्या मेणात बुडवतात. आम्ही विचारले, “ताण किती ठेवायचा, ताई?” ती म्हणाली, “दादा, ते बोटाला कळतं. मला विचाराल तर चुकेल.”

मग डाख. तारेवरचे इनॅमल आधी खरवडायचे, नाहीतर डाख बसतच नाही. तापलेले टोक सांध्याला लावायचे आणि सांध्याच्या उष्णतेने डाख वितळू द्यायचा. टोकावरच वितळवून थापला तर तो करडा, रवाळ दिसतो आणि ऐन वरातीत बेंजो खरखरतो. कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ वर. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की दोन्ही मिळून १८३ वरच पाघळतात. एकजुटीचा हा दृष्टांत आम्ही सभेत कधी वापरीत नाही.

काम करताना जो धूर येतो तो शिशाचा नव्हे, राळेचा. तो दम्याला निमंत्रण देतो. शिसे बोटांना लागते आणि भाकरीबरोबर पोटात जाते. ताई खोकत होती. शेडमध्ये खिडकी एकच, तीही मालाच्या खोक्यांनी बुजलेली. हात धुण्याचा नळ फाटकाजवळ, आणि जेवणाची सुटी वीस मिनिटांची.

आम्ही मालकाकडे गेलो. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. या बायका अकुशलांत होत्या. मालक म्हणाला, “बसून तार गुंडाळायची, यात कसब कसले?” आम्ही एक कोरी बॉबिन त्याच्यापुढे ठेवली. त्याने गुंडाळून पाहिली, हे त्याच्या मोठेपणाचेच म्हणायचे. दोनशे वेढ्यांच्या आत तार तीनदा तुटली.

अमेरिकेत अबिगेल इबारा नावाची बाई १९५६ साली फेंडर कंपनीत लागली आणि जन्मभर पिकअप गुंडाळीत राहिली. २०१३ साली ती निवृत्त झाली तोवर तिच्या हातच्या पिकअपांवर तिची सही असे, आणि वादक त्यांना जास्त दाम मोजीत. ही हकीकत आम्ही त्या दिवशी मालकाला सांगितली. तो म्हणाला, “ती अमेरिका.” ताई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “तार तीच आहे ना, शेठ?”

पुढे चार महिने बोलणी चालली. खोकी हलली, धूर ओढणारा पंखा बसला, नळ आत आला. वर्ग मिळाला तो अर्धकुशल. ताईने कागदावर सही केली, पण ‘अर्ध’ या शब्दाखाली बोट ठेवून आमच्याकडे पाहिले. पुढच्या कराराची मुदत येत्या दिवाळीत आहे.