आपत्तीकाळातील माहिती : शासन, माध्यमे आणि विश्वासाचे भांडवल

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



अर्थशास्त्र माहितीला सार्वजनिक वस्तू मानते. वादळाची वार्ता एकाने ऐकली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची वार्ता घटत नाही. त्यामुळे ती पुरविण्याचे काम केवळ बाजारावर सोपवून भागत नाही. ते शासनाकडे येते. एवढे पाठ्यपुस्तकात असते. परंतु माहिती दिली म्हणजे ती मानली गेली, असे होत नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

सप्टेंबर १९९४ मधील सुरतेचा प्लेग आठवा. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती आणि वेळीच प्रतिजैविके दिल्यास हा रोग बरा होतो. तरीही काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. यंत्रमाग व हिरे व्यवसायातील स्थलांतरित मजूर, ज्यांत आपल्या खानदेशातील कुटुंबेही होती, मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले. टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासे झाले. आखाती देशांनी विमानसेवा स्थगित केली. पर्यटन व निर्यातीला फटका बसला. अधिकृत विधाने परस्परांशी जुळत नव्हती आणि वृत्तपत्रांतून मृतांचे फुगविलेले आकडे येत होते. शासनाच्या मौनाने निर्माण होणारी पोकळी रिकामी राहत नाही, ती अफवा भरून काढते. देशाला झालेल्या आर्थिक हानीचा मोठा भाग रोगाचा नव्हे, तर भयाचा होता.

याच्या उलट ओडिशाचा प्रवास पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ धडकलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली. हवामान विभागाचे इशारे गेले नव्हते असे नाही. पण शेवटच्या गावापर्यंत ते नेणारी यंत्रणा आणि पुरेसे निवारे नव्हते. पुढे राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभारले, निवारे बांधले, किनाऱ्यावर भोंगे बसविले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी सुमारे १० लाख आणि मे २०१९ च्या ‘फनी’च्या वेळी सुमारे १२ लाख लोक हलविण्यात आले. दोन्ही वेळा मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ‘फनी’च्या वेळी दूरचित्रवाणी, लघुसंदेश, ध्वनिक्षेपक या सर्वांवरून एकच संदेश स्थानिक भाषेत पुनःपुन्हा दिला जात होता.

(चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार टप्पे परीक्षेत विचारले जातात, म्हणून सांगतो : वादळपूर्व निरीक्षण ७२ तास, सावधानतेचा इशारा ४८ तास, धोक्याचा इशारा २४ तास आणि भूप्रवेशोत्तर अंदाज १२ तास आधी.)

इशारा मानण्याचीही एक किंमत असते, हे आपण विसरतो. घर, शेळ्या आणि होडी सोडून जाणाऱ्या कुटुंबाला निवाऱ्यात अन्न मिळेल का, मागे चोरी होईल का, हे प्रश्न पडतात. ‘सतर्क राहा’ एवढ्या संदेशात त्यांची उत्तरे नसतात. शिवाय इशारा अनाठायी ठरला, तर पुढच्या इशाऱ्याचे वजन घटते. विश्वास हे असे भांडवल आहे, जे संकटाच्या दिवशी कर्जाऊ मिळत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार खोटी घबराट पसरविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तरतूद आवश्यक आहे. पण दंडाच्या भयाने अफवा दबते, विश्वास उपजत नाही. २०१८ मध्ये कोझिकोड परिसरात निपाहने १७ बळी घेतले, तेव्हा केरळ शासनाने रुग्णांची व संपर्कातील व्यक्तींची माहिती नियमितपणे पत्रकारांपुढे ठेवली. वाईट आकडाही स्वतः सांगणाऱ्या शासनाचा चांगला आकडा लोक खरा मानतात.

अर्थात जेथे संदेश पोहोचतच नाही, तेथे विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही. नोव्हेंबर २०१७ अखेर ‘ओखी’ वादळ आले, तेव्हा केरळ व तमिळनाडूचे कित्येक मच्छीमार आधीच खोल समुद्रात, भ्रमणध्वनीच्या कक्षेबाहेर होते. किनाऱ्यावर दिलेला इशारा त्यांना ऐकू येणे शक्य नव्हते. त्यानंतरच ‘नाविक’ उपग्रहप्रणालीवरून संदेश घेणारी यंत्रे मासेमारी नौकांवर बसविण्यास सुरुवात झाली.