नादार माणसाचा पत्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या लहानपणी शाळेत 'नादारी' हा शब्द वरचेवर कानावर पडायचा. वडिलांची ऐपत नाही असा दाखला आणला की फी माफ व्हायची. 'याला नादारी आहे,' असं गुरुजी हजेरीपटाकडे बघत सांगायचे आणि त्यात कुणाला फारसं वाईट वाटत नसे. शब्द फारसीतून आलेला. ना-दार, म्हणजे ज्याच्यापाशी नाही तो. 'दिवाळं' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. पेढी बुडाली की सावकार भर दिवसा दुकानात दिवे लावून ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावरून कळायचं, म्हणून दिवाळं निघालं असं म्हणू लागले, असं सांगतात. कायद्याच्या मराठीत 'नादार' आहे. गल्लीत मात्र अजून 'दिवाळं'च चालतं.

मी वकील नाही. कविता लिहितो, आणि बी.ए.पर्यंत शिकलो आहे. पण एका मित्राबरोबर कोर्टाच्या बाकावर बसलो आणि नंतर त्याच्याबरोबर भाड्याच्या खोल्या बघत फिरलो. या दोन्ही ठिकाणी माणसाला प्रश्न विचारले जातात. त्या प्रश्नांबद्दल आज बोलणार आहे.

मित्र इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून ते गाव मागांच्या खडखडाटातच झोपतं आणि उठतं. हा तिथला खर्चीवाला. म्हणजे व्यापाऱ्याने सुताचं बीम द्यायचं, याने आपल्या आठ मागांवर कापड विणून द्यायचं आणि पिकावर ठरलेली मजुरी घ्यायची. धोका कमी, मिळकतही कमी. मुलं मोठी झाली, खर्च वाढला, तेव्हा त्याने स्वतःच उधारीवर सूत उचलून स्वतःचं कापड काढायला सुरुवात केली. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली, पुढच्या वर्षी जुलैत जीएसटी. बाजारात रोकड फिरेना. कापड गेलं त्याचे पैसे अडकले, आणि सूतवाल्याची तारीख काही थांबली नाही. पुढचं सांगत बसत नाही. मागांच्या गावात ही गोष्ट घरोघर माहीत आहे. माग भंगाराच्या भावात गेले. राहतं घर बँकेकडे तारण होतं. २००२ च्या कायद्याप्रमाणे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं. साठ दिवसांची नोटीस आली, साठ दिवस सरले, घर गेलं.

तरीही सूतवाला, पतसंस्था, भिशी आणि हातउसने शिल्लक राहिलेच. बायकोमुलांना घेऊन तो मेव्हण्याकडे राहायला गेला. आणि हाच मेव्हणा पतसंस्थेच्या कर्जाला जामीन होता.

आता थोडं कायद्याचं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा नादारीचा कायदा आहे, बाकीच्या जिल्ह्यांसाठी १९२० चा. २०१६ साली नवी संहिता आली, पण व्यक्तींसाठीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. आमच्या मित्रासारख्यांचे अर्ज त्या शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यानेच चालत आले आहेत. कायदा जुना असल्याचे पुरावे त्यात जागोजाग सापडतात. अर्ज करायला किमान पाचशे रुपयांचं देणं असावं लागतं! १९०९ च्या कायद्यात नादाराच्या हत्यारांना, कपड्यालत्त्यांना, अंथरुणाला आणि भांड्यांना मिळून तीनशे रुपयांपर्यंतच सूट. आज तीनशे रुपयांत प्रेशर कुकरही येत नाही. त्या मानाने दिवाणी प्रक्रिया संहिता मोठ्या मनाची. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना, यांवर ती जप्ती येऊ देत नाही, आणि १९२० चा कायदा तेच मानतो. शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांच्या राहत्या घरालाही ही सूट आहे. मात्र घर गहाण टाकलेलं असेल, तर गहाणाच्या कर्जापुढे हे कवच उपयोगी पडत नाही.

अर्ज म्हणजे एक यादीच असते. काय आहे, कुणाचं किती देणं आहे, कुणाकडून किती येणं आहे. मित्राला वाटत होतं, मोठी देणी तेवढी लिहावीत. चहावाल्याचे बाराशे कशाला? वकीलबाईंनी त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं, 'सगळं लिहा. मामाचे, मित्राचे, चहाचे. बायकोच्या महरची रक्कम द्यायची राहिली असेल, तर तेही देणंच आहे.' हे ऐकून त्याची बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. ती यादी करायला आम्हाला चार रात्री लागल्या. चौथ्या रात्री तो म्हणाला, 'डोक्यात होतं तेव्हा जास्त वाटत होतं रे.'

मग तपासणी. रिसीव्हर विचारतो, न्यायाधीश विचारतात, आणि ज्यांचं देणं आहे ते हजर असतील तर त्यांनाही विचारण्याचा हक्क आहे. माणसं घाबरतात ती इथे. मला वाटतं, प्रश्न कुठून येतात हे कळलं की निम्मी भीती जाते. कायदा मागची दोन वर्षं बघतो: या काळात घर, जमीन, गाडी बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर फुकट केली का? केली असेल तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. अर्जाआधीचे तीन महिने बघतो: बाकीच्यांना ठेवून एखाद्याचंच देणं चुकतं केलं का? सख्ख्या भावाचे पैसे आधी देऊन टाकावेत असं कुणालाही वाटेल, पण कायद्याच्या नजरेत तो बाकीच्यांवर अन्याय आहे. हिशेबाच्या वह्या मागितल्या जातात. त्या मुद्दाम दडवल्या किंवा फाडल्या तर वर्षापर्यंत कैद आहे. पेन्सिलीने लिहिलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या वह्या चालतात. नसलेल्या वह्या रात्रीत नव्याने लिहून नेल्या, तर त्या शाईवरूनच कळतं.

बाकी सगळं पासबुकात असतं. जे आठवत नाही त्याला 'अंदाजे' म्हणू नये. 'कागद बघून सांगतो' म्हणावं. विचारलं तेवढंच सांगावं. आमचा मित्र पहिल्या दिवशी नोटाबंदीपासून सांगायला लागला. न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं, पण रागावून नव्हे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला आणि बाईला मोफत वकील मिळतो.

एक प्रश्न मात्र कुठल्याही तयारीत बसत नाही. सूतवाल्याने उभं राहून विचारलं, 'मुलीच्या लग्नात जेवणं किती उठली?' कोर्टात शांतता पसरली. याने आकडा सांगितला. खरा होता, आणि मोठाही होता. लग्न धंदा बुडण्याच्या आधीचं, त्यामुळे कायद्याने त्यात काही निघालं नाही. पण बाहेर आल्यावर तो बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिला. सूतवाल्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याचेही पैसे बुडाले होते आणि त्यालाही दोन मुली होत्या. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली असं सांगतात, आणि ते आपण कौतुकाने सांगतो. त्याआधी दुष्काळात त्यांचंही दिवाळं निघालं होतं, हे आपल्याला तितकं आठवत नाही.

नादार ठरल्यावर मालमत्तेचा ताबा कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जातो, आणि परवानगीशिवाय कुणाला नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण मागता येतं. दारावरची थाप थांबते. पण ती नादाराच्या दारावरची. जामीनदाराला यातलं काहीच मिळत नाही. पुढे नादाराची मुक्तता झाली तरी जामीनदाराची होत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मित्राला आता शांत झोप लागायला हरकत नव्हती, आणि तो झोपत होता मेव्हण्याच्या घरात, जिथे पतसंस्थेची नोटीस मेव्हण्याच्या नावाने येत होती. बहीण काही बोलत नव्हती. ताटात भाकरी वाढताना तिचा हात जरा थबकायचा, एवढंच. 'इथून निघायला पाहिजे,' तो मला म्हणाला.

मग आम्ही खोल्या बघायला लागलो.

घरमालकांचे प्रश्न कोर्टासारखे क्रमाने येत नाहीत. नाव काय? मग थोडा वेळ शांतता. काय करता? आधी कुठे होता? तिथून का निघालात? एक दार तर नावापाशीच बंद झालं. खोली रिकामी होती, बाहेर पाटी होती, पण 'कालच दिली' असं उत्तर आलं. हे मला नवीन नाही. माझ्या नावाच्या माणसाला कुठल्याही गावात खोली शोधताना हे उत्तर तोंडपाठ होतं. मित्राने त्यावर एक विचित्र तोड काढली. नाव सांगताच लगेच तो म्हणायचा, 'मी नादारीचा अर्ज केलाय, कोर्टात चालू आहे.' मी त्याला विचारलं, हे पहिल्याच वाक्यात कशाला? तो म्हणाला, 'नाही म्हणायचं तर मी केलेल्या गोष्टीसाठी म्हणू देत. नावासाठी म्हणाले की मला काही करता येत नाही.'

सात-आठ ठिकाणी नकार आला. नेमका कशासाठी, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सांगण्यामागे कायद्याचंही एक कारण होतं. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली, तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. १९२० साली पन्नास रुपये मोठी रक्कम होती. आज वाण्याकडे वहीवर चहासाखर घेतली तरी ओलांडली जाते. म्हणून वाण्यालाही सांगावं लागतं, किंवा वही बंद करून रोख घ्यावं लागतं. भाड्याचंही तसंच. महिना सरल्यावर द्यायचं भाडं थकत राहिलं तर तो मालकाच्या डोक्यावर बोजा. म्हणून मित्र आधीच सांगायचा की भाडं महिना सुरू होण्याआधी देतो. एवढं ऐकूनही लोक नाही म्हणाले. पण दोघांनी निदान बसायला सांगितलं, पाणी दिलं.

शेवटी खोल्या मिळाल्या त्या पिठाच्या गिरणीवर. दोनच खोल्या, दिवसभर धुरळा आणि पट्ट्याचा आवाज. मागांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला तो आवाज त्रासदायक वाटला नाही. गिरणीवाले सत्तरीचे, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, 'कोर्टाचा कागद दाखवा.' मित्राने अर्जाची नक्कल दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि दळणाला आलेल्या बायकांना थांबवून यादी पहिल्यापासून वाचत गेले, ओठ हलवत. चहावाल्यापाशी त्यांचं बोट थांबलं. 'हे बाराशे कुणी लिहायला सांगितले?' मित्र म्हणाला, 'वकिलांनी. मी वगळणार होतो.' म्हातारा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघून हसला. 'खरं बोलला. डिपॉझिट किती जमेल?'

जमण्यासारखं थोडंच होतं. शिलाई मशीन चालवून बायकोने साठवलेले पैसे आणि मुलाच्या पहिल्या पगारातले काही. हप्त्याने द्यायचं ठरलं, आणि हप्त्याची गोष्टही करारात लिहून घेतली. करार अकरा महिन्यांचा आणि नोंदणी केलेला. हे मी मुद्दाम सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पुष्कळ मालक 'कशाला खर्च' म्हणतात आणि गरजू माणूस गप्प बसतो. नादार झालेल्याने तर अजिबात गप्प बसू नये. आधारचा पत्ता, गॅस, मुलांची शाळा, सगळ्यांना कागद लागतो. कोर्टालाही आपला नवा पत्ता कळवावा लागतो. नाहीतर तारखेची नोटीस जुन्या घरी जाते, जिथे आता दुसरं कुणी राहत असतं.

मुक्ततेसाठी कोर्टाने दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करायचा असतो. ती आपोआप होत नाही. कित्येक जण नादार ठरल्यावर कोर्टाची पायरीच चढत नाहीत आणि वर्षानुवर्षं अडकून राहतात. सरकारचं देणं, फसवणुकीतून झालेलं देणं अशी काही देणी मुक्ततेनंतरही सुटत नाहीत; बाकीची सुटतात. मित्राचा हुकूम झाला त्या दिवशी त्याने दोन प्रमाणित नकला काढल्या. एक बायकोच्या पेटीत ठेवली. दुसरी घेऊन तो गिरणीवाल्यांकडे गेला. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, 'मेव्हण्याचं काय झालं?'

मेव्हण्याचे हप्ते चालू आहेत. त्यातला निम्मा हिस्सा दर महिन्याच्या पाच तारखेला गिरणीवरच्या खोलीतून जातो. कायद्याने तो द्यायची आता याच्यावर सक्ती नाही.