आईच्या छातीची ऊब

कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं ठेवतात. ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे इनक्युबेटर अपुरे पडत होते.

२०२० मध्ये कोविड आला आणि संसर्गाच्या धास्तीने कितीतरी देशांतल्या रुग्णालयांनी आई-बाळाची ताटातूट केली. धास्ती समजण्यासारखी होती, पण त्यात बाळांची ऊब गेली, अंगावरचं दूध तुटलं. जागतिक आरोग्य संघटना तर सांगत होती: मास्क लावा, हात धुवा, पण बाळ आईजवळच ठेवा.

साथीत परिचारिका दुसऱ्या वॉर्डात जातात, आणि आधी मागे पडते ती रोजची नोंद. बाळाचं तापमान किती? पहिल्या तासात दूध मिळालं का? आईजवळ किती तास होतं? एवढं जरी रोज लिहिलं, तरी काळजीतली घसरण वेळेत दिसते.

आपल्या केंद्र सरकारने साथ चालू असतानाच, सप्टेंबर २०२१ मध्ये, सरकारी रुग्णालयांतल्या बालसेवांच्या दर्जासाठी ‘मुस्कान’ उपक्रम सुरू केला. तुमचं बाळ नवजात कक्षात असेल, तर निःसंकोच विचारा, “सिस्टर, बाळाला छातीशी कधी घेऊ?”