‘काला पत्थर’चा मालक कोण?
तळेगावजवळच्या आंबीत एमआयडीसीच्या पाळीवर निघालेल्या श्रोत्यांनो, ‘काला पत्थर’ आठवतो? यश चोप्रांचा १९७९चा चित्रपट, धनबादजवळच्या चासनाला खाण दुर्घटनेवर बेतलेला. २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या खोदकामात साठलेलं पाणी खाणीत घुसलं. ३७०हून अधिक जण गेले. पाण्याचा तो लोंढा पडद्यावर खरा वाटतो. मालक मात्र नाही! चित्रपटात लोभी खासगी शेठ आहे. प्रत्यक्षात चासनाला चालवणाऱ्या ‘इस्को’ कंपनीचं व्यवस्थापन १९७२पासूनच सरकारकडे होतं. शेठला खलनायक करणं तसं सोपंच. नावं बदलली, प्रसंग रचले, त्याला माझी हरकत नाही. दोष दुसऱ्याच्या माथी मारला, त्याला आहे. टीव्हीवर लागला तर जरूर पाहा, खाणीवरची पाटी तेवढी बदलून वाचा.