एक विद्यापीठ, दोन गेटं
(बजाजनगरच्या बैठकीतलं भाषण)



मी डॉकवरचा हमाल. इथं समुद्र नाही. वाळूजच्या एमआयडीसीत ट्रक पाठमोरा येऊन लागतो, तो आमचा डॉक. दिवसा पेट्या उचलतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण दहावी पास. तरी आज कॉलेजवर बोलणार.

धाकटी बहीण बारावी सायन्स झाली. एकसष्ट टक्के. एक रोज बुडवून तिला एका नावाजलेल्या कॉलेजात नेलं. खिडकीतला बाबू मार्कलिस्ट न बघताच म्हणाला, "इथं कशाला? तुमच्या लोकांचं कॉलेज आहे की तिकडं." पोरगी काही बोलली नाही. रिक्षात मार्कलिस्टची घडी घालत राहिली. दुसऱ्या कॉलेजात त्याच दिवशी प्रवेश झाला.

आता ऐका. दोन्ही कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचीच. अभ्यासक्रम तोच, पेपर तोच, डिग्री तीच. मग गेट वेगळं का? कारण यादी कॉलेज लावतं. एकीकडं अर्जांचा ढीग, म्हणून शेवटचं नाव वरच थांबतं. दुसरीकडं जागा उरतात, पास झालेला प्रत्येकजण आत. लोक पहिल्याला म्हणतात दर्जेदार, दुसऱ्याला म्हणतात धर्मशाळा.

मी हमाल, मला वजन कळतं. ट्रक आधीच भरून आला तर भरल्याची मजुरी मला कोण देईल? नव्वदवाला घेतला, नव्वदवाला बाहेर काढला, यात कॉलेजनं काय उचललं? ज्याच्या घरी पुस्तक ठेवायला फळी नाही त्या पंचेचाळीसवाल्याला पदवीधर केला, तर ते उचलणं.

बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच मिलिंद. तेव्हा ते हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेलं. इथलं विद्यापीठ आलं १९५८ ला. म्हंजे आधी मिलिंद, मग विद्यापीठ. १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला, नाव लागलं १९९४ ला. मधल्या काळात आपल्या वस्त्या जळल्या. पाटी आपण जिंकली. गेटं राहिली.

पण उघड्या गेटाचीही आरती करू नका. आत प्रयोगशाळेला कुलूप आणि शिकवायला माणूस नसेल, तर ते गेट उघडं असून फसवतं. तिथंही भांडा.

यादी लागली की वाचा. अनुसूचित जातीला १३ टक्के, जमातीला ७. आणि मार्कांवर खुल्या यादीत बसणारं आपलं पोरगं खुल्यातच मोजायचं, तेरा टक्क्यांत नाही. अल्पसंख्याक संस्थांना घटनेच्या कलम १५(५) मधून वगळलंय, म्हणून संस्था कुठली ते आधी विचारा. नाव का नाही, ते लेखी मागा. बाबू तोंडानं बोलतो, कागदावर बोलायला घाबरतो. मी त्या दिवशी कागद मागितला नाही. तेवढं अजून सलतं.

बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. मार्कलिस्ट घडीवर फाटली, मी चिकटपट्टी लावलीय. पुढल्या यादीच्या दिवशी वस्तीतल्या ज्या पोरीला खिडकीवर जायचंय, तिच्यासोबत मी रोज बुडवून येणार. तुमच्यातले दोघंतिघं तरी या. येताना कोरा कागद आणि पेन आणा.

जयभीम.