गिऱ्हाईक हाच परीक्षक
(वसंत व्याख्यानमाला, अमडापूर)



घरी शिकणाऱ्या पोराचं पुस्तकी शिक्षण कसंही निभावतं. आई शिकवते, मोबाइल शिकवतो, दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. अडतं ते हातापाशी. म्हणून अशी मुलं आठवड्यातून एक दिवस एकत्र आणून त्यांच्याकडून काहीतरी करवून घ्यावं, ही कल्पना मला पटते. पण 'काहीतरी' म्हणजे काय, तिथं माझं भांडण आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर असेल, तर तो दिवस खेळायला सोडलेला बरा.

आठवड्यातून एक दिवस हाताचं काम, हा प्रयोग महाराष्ट्रात चांगला मुरलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत विषय गेला 'मूलभूत तंत्रज्ञान'. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कामाचा ठेवायचा : वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. चारही सगळ्यांनी करायचं. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाक शिकतो.

कलबागांचं खरं डोकं मला पुढच्या नियमात दिसतं. मुलांनी करायचं काम गावाच्या उपयोगाचं हवं, आणि गावानं त्याचे पैसे मोजायचे. शाळेचं गेट दुरुस्त करा, कोणाच्या गोठ्यात वायरिंग करून द्या. वहीतली चूक गुरुजी लाल पेनानं खोडतात आणि विषय मिटतो. गेट वाकडं बसलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. घरी शिकणाऱ्या पोराला ही तर फारच गरजेची गोष्ट, कारण त्याचा परीक्षक त्याची आईच असते, आणि आई शेवटी आईच.

गांधीजींचाही दाखला आहे. दक्षिण आफ्रिकेत, १९१० साली सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर मुलं बागेत राबत, चपला शिवायला शिकत. आपल्या मुलांना मात्र अक्षरविद्या पुरेशी देता आली नाही आणि त्याबद्दल मुलांची तक्रार राहिली, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं. तेव्हा हाताचा दिवस एकच ठेवा, बाकीचे दिवस पुस्तकाचेच राहू द्या.

आता अमडापूरचं बोलू. आपल्याकडे कामाला तोटा नाही. महागडी यंत्रं आणून प्रयोगशाळा उभारायची गरज नाही. खरीप तोंडावर आलाय. बरेच जण सोयाबीनचं घरचंच बियाणं पेरणार. सोयाबीनचं साल नाजूक. मळणीत, थप्पीत मार बसला की दाणा वरून साजरा दिसतो आणि उगवत नाही. पोरांनी घरोघरचे दाणे आणावेत. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी, म्हणजे शंभर दाणे मांडायचे. वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी धड कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर निघाले तर एकरी तीस किलो बियाणं चालतं. कमी निघाले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते पोतं पेरूच नका.

यात टक्केवारी आली, जीवशास्त्र आलं. नमुना पोत्याच्या वरूनच घेतला की तळापासून, हा संख्याशास्त्राचा प्रश्नही आला. मोजणाऱ्या पोरानं अर्धवट कोंब धड म्हणून धरले, तर कोणाच्या तरी शेतावर दुबार पेरणी येईल. म्हणून प्रत्येक नमुना दोघांनी वेगवेगळा मोजायचा, आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मांडायचा. नमुन्यामागे दहा रुपये घ्या, फुकट करू नका. फुकटच्या आकड्यावर बाप विश्वास ठेवत नाही.

पावसाच्या आत हा हिशेब हाती यायला हवा. ज्यांच्याकडे जुनी गोणपाटं पडली असतील, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर नाव सांगून जावं.